अठ्ठावन्न डोकी, एक फणी: मुलींच्या वसतिगृहातल्या उवांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, जिथे जून ते सप्टेंबर कपडे वाळता वाळत नाहीत अशा पट्ट्यात, एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. पाचवी ते दहावीच्या ५८ मुली, तीन खोल्या, एक बोअर, दोन मावशी आणि एक रेक्टर. ती रेक्टर मी. मुलींची नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं.

प्रकरण समजायला खोल्यांची रचना आधी डोळ्यांसमोर हवी. पहिल्या खोलीत पाचवी-सहावीच्या २० मुली, मधल्या मोठ्या खोलीत सातवी ते नववीच्या २२, मागच्या खोलीत दहावीच्या १६. दहावीला लोखंडी कॉट, बाकीच्यांच्या गाद्या जमिनीवर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या खोलीचं छप्पर भिंतीच्या कडेनं गळायला लागलं. मी गाद्या ओढून कोरड्या बाजूला लावल्या. एरवी दोन गाद्यांत हातभर अंतर असायचं, ते गेलं. २२ मुली १४ गाद्यांवर झोपायला लागल्या. छप्पर दुरुस्त व्हायला ऑगस्ट संपत आला. तेवढ्या दिवसांत मला काळजी होती ती फक्त सर्दी-खोकल्याची.

दुसरं म्हणजे सकाळचा वेणी-फणीचा कार्यक्रम. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या. साडेसहाला मुली पायऱ्यांवर ओळीनं बसतात, वरच्या पायरीवरची खालच्या पायरीवरचीची वेणी घालते. दहावीच्या मुली लहान्यांच्या घालतात. कंगवे कोनाड्यात, चार-पाच, सगळ्यांचे मिळून.

अडचण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नऊ मुली डोकं खाजतंय म्हणून आल्या. एकीच्या कानामागे खाजवून खाजवून खपल्या धरल्या होत्या, मानेवर गाठ आली होती. डोक्यातल्या उवांनी आजार येत नाही, पण नखांनी जखम होते आणि ती चिघळते, हे तेव्हा पाहिलं.

खरी अडचण मात्र दोन दिवसांनी लक्षात आली. मंदा सकाळी पायऱ्यांवर दिसेना. न्हाणीघराच्या आरशासमोर एकटीच वेण्या घालत होती, एक वर एक खाली. मंदा माण तालुक्यातली, मेंढपाळ घरातली, १५ जूनला सातवीत दाखल झालेली. मुलींनी परस्पर निकाल लावला होता: "मेंढरांच्या उवा हायत त्या, तिनंच आणल्या." तिच्या केसांना कुणी हात लावायला तयार नव्हतं.

मेंढरांच्या उवा माणसाच्या डोक्यात जगत नाहीत. माणसाच्या डोक्यातली ऊ फक्त माणसाच्या रक्तावर जगते, ती ना शेळी-मेंढीकडून येते, ना कुत्र्या-मांजराकडून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी त्याच संध्याकाळी मंदाची गादी उचलून कोपऱ्यात खिडकीखाली लावली. तिला म्हटलं, तिथे उजेड चांगला आहे. या प्रकरणातला माझा पहिला निर्णय तो, आणि तो चुकीचा होता.

पहिला प्रयत्न, जो फसला

तक्रार असलेल्या नऊ जणींना मेडिकलमधून उवांचं औषध आणून लावलं. एकदाच. दुसऱ्या दिवशी मेलेल्या उवा पडलेल्या दिसल्या, मुली खूश, मी खूश. त्याच आठवड्यात नागपंचमी आली. आदल्या रात्री चार-चार मुली एका हातावर वाकून मेंदी काढत बसल्या होत्या, कपाळाला कपाळ. मी त्या दृश्याचा फोटोही काढला होता. नंतर तो डॉक्टरबाईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा फोटो मला व्याख्यानात दाखवायला द्या."

ऑगस्टअखेर नऊपैकी सहा जणी पुन्हा खाजवत होत्या, शिवाय नव्या आठ.

मध्ये आणखी एक गोष्ट घडली. मावशींनी प्रेमानं सीताफळाच्या बिया वाटून लहान खोलीतल्या तिघींच्या डोक्याला लावल्या. आमच्याकडे घरोघरी करतात हे. एकीच्या डोळ्यात ओघळ गेला. रात्रभर रडली, सकाळी डोळा लालबुंद, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की या बियांनी बुबुळाच्या वरच्या पडद्याला इजा होते आणि असे पेशंट त्यांच्याकडे येत राहतात. चार दिवस औषध घालून डोळा बरा झाला. मावशींना मी बोलले नाही. औषधाचं काम मीच अर्धवट सोडलं होतं, म्हणून त्यांना बिया वाटाव्या लागल्या.

समोर असलेले पर्याय

संस्थेची बैठक बोलावली. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरबाई दर महिन्याला मुली तपासायला येतात, त्यांनाही बोलावलं. चर्चा दोन तास चालली आणि त्यातला बराच वेळ एकाच प्रस्तावावर गेला: सगळ्यांचे केस कापून टाकायचे. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, आमच्या काळी वसतिगृहात असंच करायचे. डॉक्टरबाईंनी विचारलं, किती बारीक? कारण ऊ राहते टाळूलगत, अंडी घालते मुळापासून काही मिलिमीटरवर. खांद्यापर्यंत कापले तर विंचरायला सोपं जाईल, उवा जाणार नाहीत. त्या जायला हव्यात तर वस्तराच फिरवावा लागेल. नववीच्या मुलीला तासून शाळेत पाठवायचं? त्यावर कुणी बोललं नाही, पण प्रस्ताव मागेही घेतला नाही. "तुमचा उपाय फसला तर बघू," एवढ्यावर तो लोंबकळत राहिला.

दुसरा पर्याय, उवा असलेल्यांना घरी पाठवणं. हा मला आधी पटला होता. डॉक्टरबाईंनी तो एका वाक्यात मोडला: "खाज उवांची नसते, उवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, आणि पहिल्यांदा उवा झाल्या तर ती यायला चार ते सहा आठवडे लागतात." म्हणजे आज जी खाजवते आहे तिच्या डोक्यात महिनाभरापासून उवा असू शकतात, आणि जी खाजवत नाही ती मोकळी आहे असं नाही. तक्रारीवरून घरी पाठवायचं म्हणजे महिन्यापूर्वीची यादी आज वाचायची. माझा पहिला प्रयत्न का फसला तेही तिथेच कळलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही भूमिका हीच आहे की उवा-लिखांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये.

तिसरा, खोल्यांत औषध फवारणं. ऊ डोक्यावरून पडली की उपाशी राहून साधारण एक-दोन दिवसांत मरते. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, सपाट जमिनीवर तिला धड चालताही येत नाही. तिचे सहा पाय आकड्यासारखे, केसाला कवटाळण्यासाठी बनलेले. ऑस्ट्रेलियात ११८ वर्गांच्या जमिनी तपासल्या होत्या. मुलांच्या डोक्यांतून १४,००० वर उवा निघाल्या, जमिनीवर एकही सापडली नाही. फवारणीचे पैसे वाचले. उशांचे अभ्रे आणि टॉवेल मात्र एकदा कढत पाण्यातून काढायचे ठरले, कारण उशीवर क्वचित एखादी सापडते.

रॉकेलचं नाव कुणीतरी काढलंच. स्वयंपाकघर बारा पावलांवर, चूल पेटलेली. विषय तिथेच संपवला.

उरलं औषध, पण कुणाला? सगळ्या ५८ जणींना लावून टाकू, असं मी म्हटलं. डॉक्टरबाई नको म्हणाल्या. जिथे तिथे वापरून वापरून पर्मेथ्रिनला, म्हणजे उवांच्या नेहमीच्या औषधाला, दाद न देणाऱ्या उवा बऱ्याच देशांत झाल्या आहेत, आणि ज्या डोक्यात ऊ नाही तिथे औषध लावून मिळतं काय? आधी सगळ्यांची डोकी फणीनं तपासू, जिवंत ऊ सापडेल तिला आणि तिच्याबरोबर एका गादीवर झोपणारीला औषध. पोटात घ्यायची आयव्हरमेक्टिनची गोळीही असते, वजनावर द्यावी लागते, १५ किलोंच्या आतल्या मुलांना देत नाहीत. ती त्यांनी मागे राखून ठेवली.

कधी सुरू करायचं

हा निर्णय वरवर किरकोळ, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. औषध जिवंत उवा मारतं, लिखा सगळ्या मरतात असं नाही. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात, आणि त्यातून निघालेलं पिलू स्वतः अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी नऊ ते बारा. म्हणून औषधाचा दुसरा हात नवव्या दिवसाच्या आसपास हवा. बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि पिलांनी अजून काही घातलेलं नसतं. ही फट चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि मध्ये गौरी-गणपतीची सुट्टी. बुधवारी मुली घरी जाणार. म्हणून कॅलेंडर उलटं मोजलं: दुसरा हात सुट्टीच्या आधीच्या सोमवारी, म्हणजे पहिला त्याच्या नऊ दिवस आधी, शनिवारी. आमच्याकडे बैठकीनंतर तीन दिवस होते.

त्या तीन दिवसांत मेडिकलवाल्यानं पर्मेथ्रिन म्हणून ५ टक्क्यांचं मलम पाठवलं. ते खरजेचं. डोक्याच्या उवांना लागतं १ टक्क्याचं लोशन. खोक्यावरचा आकडा वाचला म्हणून निभावलं.

फणी

शुक्रवारी दुपारी व्हरांड्यात सतरंजी घातली. खोबरेल तेल, बारीक दातांच्या सहा फण्या, पांढरे कागद. तेलानं उवा मरत नाहीत, पण त्यांची हालचाल मंदावते आणि फणीला सापडतात. कोरड्या केसांत माणूस भांग पाडेपर्यंत ऊ पळालेली असते.

मुली येऊन बसेनात. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "आधी तुम्ही बसा." मी अंबाडा सोडला. तिसऱ्यांदा फणी फिरवून त्यांनी कागदावर झटकली आणि कागद माझ्यासमोर धरला. तिळाएवढी, करडी, पोटात रक्ताचा काळपट ठिपका, तेलात पाय ओढत चाललेली. मला महिनाभरात एकदाही खाज आली नव्हती. मुली एक क्षण गप्प, मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्यानंतर रांग लावायला सांगावं लागलं नाही.

पद्धत साधी: केसांचे चार भाग, मुळापासून टोकापर्यंत फणी, दर वेळी कागदावर झटकायची. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ, कारण तिथेच त्या जास्त असतात. कोंडा की लीख असा प्रश्न आला तर फुंकर घालायची. कोंडा उडतो. लीख केसाला एका बाजूनं डिंकानं चिकटवल्यासारखी असते, दोन नखांत धरून ओढावी लागते.

तक्रार तोवर सतरा जणींची होती. जिवंत उवा निघाल्या २७ जणींच्या डोक्यात. मधल्या खोलीत २२ पैकी १६, लहान्यांत २० पैकी ७, दहावीत १६ पैकी ४.

माझा संशय पायऱ्यांवरच्या वेण्यांवर होता. पण दहावीच्या मुली रोज लहान्यांच्या वेण्या घालतात, आणि सगळ्यात कमी उवा त्यांच्याच डोक्यात. मग मी वहीत दोन नकाशे काढले. एक, कोण कुणाची वेणी घालते. दुसरा, जुलैपासून कोण कुणाशेजारी झोपते. वेणीचा नकाशा आकड्यांशी जुळेना. गाद्यांचा जवळपास तंतोतंत जुळला: जिथे दोघी-तिघी एका गादीवर, तिथे घरोघरी उवा. कॉटवरच्या बहुतेक सुटल्या. ऊ एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते, त्यासाठी केसाला केस लागलेला हवा. वेणी घालणारीचे हात लागतात, केस क्वचितच. झोपेत मात्र दोन डोकी आठ-आठ तास चिकटलेली असतात. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टरबाईंनी बजावलं. पण गाद्या मी ओढल्या होत्या, त्यामुळे मला तेवढं पुरलं.

लिखांचं घड्याळ

मंदाच्या डोक्यात उवा होत्या. तिचं डोकं तपासताना डॉक्टरबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग खिशातून छोटी पट्टी काढली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लीख घातली जाते मुळाशी, फुटल्यावर रिकामं टरफल केसालाच चिकटून राहतं आणि केसाबरोबर टाळूपासून दूर जातं. म्हणजे टरफल टाळूपासून किती लांब, त्यावरून उवा किती जुन्या याचा ढोबळ अंदाज येतो. एका लिखेवर विसंबायचं नाही, उष्ण-दमट हवेत ऊ कधी कधी थोडी लांबही अंडी घालते, पण भरपूर टरफलं एकाच अंतरावर थांबत असतील तर त्याला अर्थ आहे.

मंदाची टरफलं सेंटिमीटरभरात संपत होती. महिना, फार तर सव्वा महिना. ती येऊन अडीच महिने झाले होते. आणलेल्या नव्हत्या, इथेच मिळाल्या होत्या.

नववीतल्या शीतलच्या केसांत मात्र टरफलं पाच सेंटिमीटरपर्यंत होती, म्हणजे मार्च-एप्रिलपासूनची. शीतल वसतिगृहाची मॉनिटर. दाट, कमरेपर्यंतचे केस, सगळ्यांची लाडकी. छप्पर गळायला लागल्यावर मंदाची गादी जिला जोडली ती हीच.

आता हे कळल्याचं करायचं काय? डॉक्टरबाईंचं म्हणणं, काहीच नाही. शीतलला तरी कुणाकडून तरी लागल्याच असतील, घरी धाकट्या बहिणीकडून, मामेबहिणीकडून. दोर ओढत गेलात तर तो संपायचा नाही. मला मात्र मंदाचा प्रश्न सोडवायचा होता. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मी एवढंच सांगितलं की या उवा पावसाळ्याच्या आधीपासून वसतिगृहात आहेत, नव्या आलेल्या कुणीही त्या आणलेल्या नाहीत, आणि मेंढरांच्या तर नाहीतच. शीतलचं नाव घेतलं नाही. तिला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी तिनं पायऱ्यांवर मंदाला हाक मारली.

औषधाचे दोन दिवस

शनिवारी २७ जणी, त्यांच्या गाद्यांवरच्या आणखी ५ आणि मी. आधी शांपूनं तेल पूर्ण काढायचं, कारण तेलकट केसांवर औषध नीट बसत नाही. टॉवेलनं टिपायचं, मुळाशी लोशन, घड्याळ लावून १० मिनिटं, मग धुवायचं. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल. कमरेपर्यंतच्या केसांना एक बाटली जेमतेम पुरली. बोअरचं पाणी दुपारी संपलं आणि शेवटच्या सहा जणींना टँकर येईपर्यंत ओल्या केसांनी बसावं लागलं. जेवणाची घंटाच १० मिनिटांची घंटा झाली. त्या दिवशी जेवण कधी झालं मला आठवत नाही.

कोनाड्यातले कंगवे कढत पाण्यात बुडवून काढले आणि प्रत्येकीला नाव लिहिलेला वेगळा दिला. मधल्या खोलीत गाद्या पुन्हा सुट्या केल्या आणि उलटसुलट लावल्या, एकीच्या डोक्याशी शेजारणीचे पाय. रात्री गप्पा मारता येत नाहीत म्हणून मुलींनी निषेध केला. झोपताना वेणी घट्ट बांधायची, सोडायची नाही.

सोमवारी दुसरा हात. ३० मुली हजर, दोघी नाहीत. त्यांना नेण्यासाठी रविवारीच भाऊ आला होता आणि मी सोडलं. सणाचे दिवस, चारचाकी रिकामी परत जात होती, नाही म्हणवलं नाही.

निष्पत्ती

सुट्टीला जाताना प्रत्येकीबरोबर एक फणी आणि एक चिठ्ठी दिली: घरात सगळ्यांची डोकी बघा, आजीचं सुद्धा. परत आल्यावर पहिल्या रविवारी पुन्हा सगळ्या ५८ जणी सतरंजीवर. जिवंत उवा तिघींच्या डोक्यात. त्यातल्या दोघी रविवारी गेलेल्या. तिसरीनं सांगितलं की घरी चार भावंडं एका वाकळेत झोपतात आणि फणी आईनं देवघरात जपून ठेवली आहे. तिघींना औषधाचे दोन हात पुन्हा दिले, तिसरीच्या आईशी फोनवर बोलले. ऑक्टोबरच्या मध्यात एकही नाही. केस कापण्याचा विषय बैठकीत पुन्हा निघाला नाही. गोळी लागली नाही.

दिवाळीनंतर दोघींच्या डोक्यात सापडल्या, पण त्या सापडल्या खाजेच्या आधी. रविवारची फणी चालू राहिली होती. गाद्यांची उलटसुलट रचना मात्र थंडी पडल्यावर मुलींनी मोडली, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्ये दाखल होतानाच सगळ्यांची फणी केली असती तर शीतलच्या उवा तेव्हाच सापडल्या असत्या, आणि छप्पर गळेपर्यंत वसतिगृह मोकळं असतं. आता ती दाखल्याच्या कागदांबरोबरच होते. ऑगस्टमध्ये नऊ जणींना दुसरा हात दिला असता तरी बाकीच्यांकडून त्यांना पुन्हा लागल्याच असत्या, त्यामुळे ती चूक मी म्हणते तेवढी मोठी नसेल. दोघींना रविवारी सोडणं ही होती. छपराचं काम जुलैमध्ये झालं असतं तर हे सगळं प्रकरण किती लहान राहिलं असतं, याचा हिशेब मी संस्थेच्या बैठकीत मांडला. कौलं त्याच आठवड्यात आली.

मंदाच्या गादीचं मात्र जमलं नाही. गाद्या सुट्या केल्या त्या रात्री मी तिला म्हटलं, तुझी गादी घेऊन ये गं इकडे, ओळीत. शीतलनं जागाही धरली होती. मंदा खिडकीखालीच बसून राहिली, गादीचं टोक हातात धरून.

"हितंच असूद्या बाई," म्हणाली. "वारं येतं."

वर्षअखेरपर्यंत ती तिथेच झोपली.